वाजणारी जाळी

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, अंधेरी पूर्वेच्या आमच्या गाळ्यात बावीस हजार रुपयांची एक नमुना-ऑर्डर आली. हजर चौघे होतो. मालक केतनभाई, फिटर इरफान, मी, आणि साध्या कपड्यांत आलेले एक मेजरसाहेब. ते मूळचे साताऱ्याकडचे, मराठी बोलणारे. त्यांनी खिशातून मोबाइल काढून एक फोटो दाखवला. डोंगरातला रस्ता, आणि रस्त्यावर जळून गेलेला एक ट्रक. नुसता सांगाडा.

"याच्यावर छप्पर घालायचंय," ते म्हणाले. "जाळीचं."

केतनभाईंनी फोटो पाहिला, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "साहेब, आपण कबुतरवाले. तुम्हाला कोणीतरी चुकीचा पत्ता दिला."

पत्ता बरोबर होता. मोठ्या कारखान्यांत विचारून झालं होतं. ते लोक आधी ऑर्डर केवढी ते विचारायचे आणि मग नमुना द्यायचे. मेजरसाहेबांना आठवडाभरात नमुना हवा होता.

आमचा धंदा आधी सांगतो. मुंबईच्या उपनगरांत ज्या बाल्कनीवर जाळी नाही, तिथे कबुतरं राहतात. आम्ही जाळी लावतो. मी फिटर नाही. मी जाऊन माप घेतो, हिशेब करतो, दर देतो आणि काम झालं की तपासतो. सत्तावीस वर्षं हेच करतोय. बोरिवली ते सांताक्रूझ आणि पलीकडे मुलुंड ते घाटकोपर, कुठल्याही सोसायटीत वर पाहिलं की आमची जाळी कुठली आणि दुसऱ्याची कुठली ते मला खालून सांगता येतं. आमची जाळी वाजते.

हे वाजणं आमच्याकडे आलं ते घाटकोपरच्या एका गिऱ्हाइकामुळे. त्यांना सगळे शहाकाका म्हणत. बायकोला दम्याचा त्रास, डॉक्टरांनी सांगितलं कबुतरं बंद करा. शहाकाका रोज पक्ष्यांना दाणे घालणारे. त्यांची अट एकच होती, पाखराला इजा होता कामा नये. आम्ही जाळी लावली, पैसे घेतले, निघून आलो. चौथ्या दिवशी त्यांचा फोन, "परब, जरा येऊन जा." गेलो तर जाळीत एक कबुतर उलटं लटकलेलं. एका कोपऱ्यात हुक लांब पडला होता, जाळी सैल राहिली होती. सैल जाळीत पाय अडकतो, पाखरू सुटायला फडफडतं, आणि जेवढं फडफडतं तेवढं जास्त गुंडाळलं जातं. ताणलेल्या जाळीवर ते आपटतं, उसळतं आणि उडून जातं. शहाकाकांनी आवाज चढवला नाही. मला चहा दिला, मग कात्री दिली. "तुम्हीच काढा," म्हणाले. मी काढलं तेव्हा ते गरम होतं, पण उडालं नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला. काम संपलं की फिटरने जाळीवर बोट मारायचं. टण्ण वाजली तर काम पूर्ण. नाही वाजली तर पुन्हा ताणायची. इरफानला हे मी शिकवलं, आणि त्याने पुढे दहा-बारा पोरांना. आमच्या हातात ताण एवढा भिनलाय की घरी खाटेची नवार सैल दिसली तरी आम्ही ओढतो.

मेजरसाहेबांनी त्या दिवशी जे समजावलं ते मला समजलं तसं लिहितो. रस्ता कुठला ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही, आणि ठाऊक असतं तरी इथे लिहिलं नसतं. पुढच्या चौक्यांना पाणी, डिझेल, रेशन, दारूगोळा सगळं ट्रकने जातं, आणि जायला रस्ता एकच. हातभर लांबीचा ड्रोन येतो, पोटाला स्फोटक बांधलेलं असतं. चालवणारा लांब बसून पडद्यावर बघत तो थेट ट्रकवर घालतो. पूर्वी रेडिओच्या लहरी बंद पाडल्या की ड्रोन आंधळा व्हायचा. आता काही ड्रोन मागे केसासारखी बारीक काचेची तार सोडत येतात आणि चालवणाऱ्याचा हुकूम त्या तारेतून जातो. तिथे लहरी बंद करून काही होत नाही. बंदुकीने पाडायचं तर ते फार लहान आणि फार जलद.

"मग उरलं काय?" ते म्हणाले. "कोळ्याचं जाळं."

आम्ही आमच्या परीने उत्तम नमुना केला. कबुतराच्या जाळीपेक्षा जाड दोरा, गडद रंग, दोन बाजूंना खांब, वर जाळीचं छप्पर. चाचणी मुलुंडला एका बंद कारखान्याच्या उंच शेडमध्ये होती. खाली भाड्याचा टेम्पो उभा केला. ड्रोन चालवायला पवईच्या एका छोट्या कंपनीतली तन्वी नावाची मुलगी आली होती. स्फोटकाच्या जागी वाळूची पुरचुंडी. इरफानने शिडीवरून जाळीवर बोट मारलं आणि खाली बघून हसला. "बजती है, परबसाब."

पहिला ड्रोन आला, आपटला, उसळला, घसरत कडेला गेला आणि तिथून खाली टेम्पोच्या टपावर पडला. दुसऱ्याच्या पंख्यांनी ताणलेले दोरे सुरीने कापावेत तसे कापले. तिसरा त्याच भोकातून आत शिरला.

"काका," तन्वी म्हणाली, "तुमची जाळी ट्रॅम्पोलिन आहे."

केतनभाई परतताना गाडीत म्हणाले, "सोडा आता. बावीस हजार गेले, आबरू राहिली ते बघा." मी मान डोलावली. पण डोक्यातून तो टेम्पो जाईना. घरी कांदिवलीला जेवताना भातावर आमटी घेतली आणि तशीच बसून राहिलो. बायको म्हणाली, "अहो, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, माल घसरला." ती म्हणाली, "मग उचला आणि जेवा."

शहाकाकांचं कबुतर मला तिथे आठवलं, ताटावर. जे होऊ नये म्हणून मी इतकी वर्षं हुक मोजत आलो, तेच इथे व्हायला हवं होतं. अडकायला हवं होतं. फडफडून गुंडाळून जायला हवं होतं.

आमच्या स्वतःच्या बाल्कनीला जाळी नाही. बायको हे पाहुण्यांना आवर्जून सांगते. त्या रविवारी मी जाळीचे दोन तुकडे आणून बाल्कनीत लावले, एक ताणून, एक झोळ देऊन. मग एका मोठ्या बटाट्यात खराट्याच्या चार काड्या चार बाजूंना खोचल्या आणि हॉलमधून फेकू लागलो. ताणलेल्यावरून बटाटा उसळून सोफ्यावर. झोळ दिलेल्यात काड्या अडकल्या आणि बटाटा लोंबकळत राहिला. पुन्हा फेकला, पुन्हा अडकला.

"अगं, बघ," मी म्हटलं.

"बघतेय," ती म्हणाली. "शेजारचे पण बघतायत. तो बटाटा उद्याच्या भाजीचा आहे, एवढं लक्षात ठेवा."

दुसऱ्या चाचणीचा खर्च केतनभाईंनी स्वतःच्या खिशातून केला. मी बटाट्याची हकिकत सांगितल्यावर ते बराच वेळ हसले, आणि मग म्हणाले, "हसलो म्हणजे पैसे द्यावे लागणार." या वेळी दोरा बदलला, डोळे बदलले. जाळ्याच्या एका चौकटीला आम्ही डोळा म्हणतो. डोळा केवढा आणि झोळ किती, ते आकडे मी इथे मुद्दाम देत नाही. खरी अडचण इरफानच्या हातांची होती. तो झोळ सोडायचा, आणि गाठ मारता मारता पुन्हा ओढून घ्यायचा. "हाथ नहीं मान रहा, परबसाब. ऐसा काम देखके तो आप मुझे गाली देते थे." शेवटी एका टोकाला मी स्वतः उभा राहिलो आणि त्याने ओढलं की मी सोडायचो.

तन्वीने दहा वेळा ड्रोन घातला. आठ अडकले, पंखे गुंडाळून लटकले. मेजरसाहेबांनी पहिल्यांदाच माझ्याशी हात मिळवला. पण दोन आत आले होते, आणि दोन्ही एकाच जागेतून, दोन जाळ्यांच्या जोडातून. बाल्कनीला एकच अखंड जाळी लागते, म्हणून जोडाचा विचार आम्ही आयुष्यात केला नव्हता. रस्ता लांब असतो. तिथे जाळीला जाळी जोडावीच लागते. आम्ही चार डोळे सोडून एक टाका घातला होता. झोळ दिल्यावर त्या चार डोळ्यांची फट उघडली.

इथे सुनंदाबाईंबद्दल सांगायला हवं. सुनंदा कांबळे, घाटकोपरच्या. गाव फलटणकडचं. जाळीला किनारीची दोरी शिवायचं काम त्या आमच्याकडे पंधराएक वर्षं करतात. लाकडी चपट्या सुईत दोरा भरून त्यांचा हात चालतो तेव्हा तो पाहताना आपली नजर मागे पडते. त्यांचा मुलगा प्रशांत फौजेत ड्रायव्हर आहे. ट्रक चालवतो. कुठे, ते तो आईला सांगत नाही. दर रविवारी फोन करतो, जेवलो म्हणतो, थंडी आहे म्हणतो, ठेवतो.

जाळी कशासाठी आहे ते कोणाला सांगायचं नाही, अशी केतनभाईंची सक्त ताकीद होती. मी घरीही फक्त बटाट्यापुरतं सांगितलं होतं. पण पंधरा वर्षं बाल्कन्या शिवलेल्या बाईला ट्रकच्या रुंदीची जाळी कळणार नाही, असं मानणं हा आमचाच भाबडेपणा. चाचणीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सुई खाली ठेवली.

"परबभाऊ, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचारा."

"अडकतात का?"

मी हातातल्या टेपने उगाच जाळीची रुंदी मोजली. त्या बघत राहिल्या. खोटं बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं, ती वेळ निघून गेली.

"दहातले आठ," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. दोऱ्याला पीळ दिला. मग म्हणाल्या, "म्हणजे दोन ट्रक."

सत्तावीस वर्षं मी लोकांना टक्के सांगत आलो. इतके टक्के घसारा, इतके टक्के वाया. समोरच्याने माझा आकडा असा उलटा करून माझ्याच हातात दिला, असं कधी झालं नव्हतं. त्या आठवड्यात मला बसवत नव्हतं. माप घ्यायला बोरिवलीला गेलो, बाल्कनीची उंची लिहून घेतली आणि रुंदी विसरून परत आलो. असं माझ्याकडून कधी होत नाही.

उपाय सुनंदाबाईंनी शोधला की मी, हे आता सांगता येणार नाही. आम्ही दोघं त्या जोडापाशी उभे होतो आणि दोघांच्या तोंडून एकच निघालं की प्रत्येक डोळा शिवायचा. एकही सोडायचा नाही. शिवून पाहिला, इरफानने खालून बांबूने ढोसला, वरून वाळूची पिशवी टाकली. फट पडली नाही. पण वेळ चौपट लागला. म्हणजे मजुरी वाढली, म्हणजे दर वाढला.

केतनभाई कपाळाला हात लावून बसले. "परब, तुम्ही हिशेबाचे माणूस. टेंडर कमी दरवाल्याला जातं, हे मी तुम्हाला शिकवू?"

"शिवलेला जोड लावला तरच टिकेल."

"आणि ऑर्डर नाही मिळाली तर काय टिकेल? न लावलेली जाळी?"

त्यांचं चूक नव्हतं. शेवटी मी दोन दर लिहिले. एक साध्या जोडाचा, एक प्रत्येक डोळा शिवलेला. दोन्हींच्या खाली, कशातून काय आत आलं, ते चाचणीत झालं तसं लिहिलं. केतनभाईंनी वाचलं, चष्मा काढला, पुसला. "स्वतःच्या मालाची बदनामी स्वतःच्या लेटरहेडवर," म्हणाले, आणि सही केली.

ऑर्डर अर्धी मिळाली. सगळ्यात उघड्या टप्प्यासाठी शिवलेल्या जोडाची जाळी आमच्याकडून घेतली. पुढच्या टप्प्याला साधा जोड, तो दुसऱ्या पुरवठादाराला गेला, कारण त्याचा दर आमच्या साध्या दरापेक्षाही कमी होता. पैसे मोजून ठरवणाऱ्यांना मी दोष देत नाही, मीही तेच काम करतो. गाळ्यात पेढे वाटले. सुनंदाबाईंनी पेढा घेतला, खाल्ला नाही.

"अर्धीच?" त्या म्हणाल्या. "माझा पोरगा अर्ध्या रस्त्यात उतरून परत येणारेय का?"

"प्रशांत त्याच रस्त्यावर आहे हे कुठे माहीत आहे आपल्याला?"

"कोणाचा तरी प्रशांत आहेच की."

ती जाळी आम्ही सबंध हिवाळाभर केली. सुनंदाबाईंनी आणखी चार बायका आणल्या. जोडाचा तुकडा तपासायला त्या आपली करंगळी प्रत्येक डोळ्यातून फिरवत आणि मग बाजूला टाकत. मी पुन्हा तपासायचो. त्यांना ते आवडत नसे. "भाऊ, माझ्यावर भरवसा नाही का?" "तुमच्यावर आहे, दोऱ्यावर नाही," मी म्हणायचो. माल ट्रकमध्ये भरून गेला आणि गाळा एकदम मोठा वाटायला लागला. आम्ही पुन्हा बाल्कन्यांकडे वळलो. मुलुंडच्या एका बाईंनी हॉलच्या पडद्याला शोभेल अशा रंगाची जाळी मागितली, ती शोधायला मी दोन दिवस फिरलो.

उन्हाळ्यात एका सोमवारी सुनंदाबाई लवकर आल्या. आदल्या दिवशी प्रशांतचा फोन आला होता. "आई, आमच्याकडे मांडव घातलाय," तो म्हणाला होता. "लग्नात जातोय असं वाटतं गाडी चालवताना."

"मग मी विचारलं," सुनंदाबाई म्हणाल्या, "मांडव नीट शिवलाय का? तर म्हणतो, आधी झकास आहे, एक भोक दिसत नाही. पुढे वाऱ्याने दोन कापडांमध्ये फट पडलीय, मधून आभाळ दिसतं." त्या माझ्याकडे बघत होत्या. "आभाळ दिसतं म्हणाला, भाऊ."

त्याच दुपारी मी मेजरसाहेबांना पत्र पाठवलं. प्रशांतचं नाव लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की साधे जोड वाऱ्याने उकलत असतील तर जाळी न उतरवता जागेवर शिवता येतात. सुया, दोरा आम्ही देऊ, शिवणं शिकवू. उत्तर आलं नाही. एक आठवडा, दुसरा. केतनभाई म्हणाले, "दुसऱ्याच्या मालाची तक्रार केली असं वाटलं असेल त्यांना." मलाही तेच वाटत होतं. फोन वाजला की मी उठायचो, आणि तो पडद्याच्या रंगवाल्या बाईंचा असायचा.

मग एका रविवारी प्रशांतचा फोन आला नाही.

सोमवारी सुनंदाबाई कामावर आल्या. एका बाल्कनीची किनार त्यांनी सकाळी शिवली, दुपारी उसवली, पुन्हा शिवली. मी पाहत होतो, थांबवलं नाही. मंगळवारी त्यांनी मोबाइल सुईच्या डब्यात ठेवला, म्हणजे हात घातला की लागेल. बुधवारी दुपारी तो वाजला. इरफानने ड्रिल बंद केलं. सुनंदाबाई फक्त "हं" म्हणत होत्या. "हं. हं. जेवलास का? हं." फोन ठेवला आणि बराच वेळ पदराने सुई पुसत बसल्या.

"त्यांच्यातला एक ट्रक गेला," शेवटी म्हणाल्या. "त्याचा नाही. चालवणारा वाचला, पायावर निभावलं."

कुठल्या टप्प्यात गेला, फटीतून की बाजूने, की जाळी नसलेल्या भागात, हे मला कोणी सांगितलं नाही. विचारायचा मला अधिकारही नाही. पण तेव्हापासून कुठल्याही सोसायटीखाली उभा राहून वर बघताना मी आता आमची जाळी शोधत नाही, जोड शोधतो. बाल्कनीला जोड नसतो हे माहीत असून शोधतो.

त्यानंतर दोनच दिवसांनी मेजरसाहेबांचा निरोप आला. पत्र मिळालं होतं, मंजुरीला वेळ लागला. दोन जवान पाठवतोय, शिकवा.

दोघेही विशीतले, एक हरियाणाचा, एक आपल्या जालन्याचा. सुनंदाबाईंनी त्यांना जमिनीवर बसवलं, हातात लाकडी सुया दिल्या आणि जोडाचा एक तुकडा दोघांच्या मांडीवर पसरला. हरियाणाच्या पोराची बोटं जाड होती, पण गाठ घट्ट बसायची. जालन्याचा चटपटीत. दुपारपर्यंत तो एक डोळा सोडून पुढे जायला लागला.

"मावशी, एक सोडून एक चालेल ना? एवढं बारीक कोण बघतंय?"

"तू गाडी चालवतोस का रे?"

"नाही, मी इंजिनियर रेजिमेंटचा."

"मग शिव."

तो हसला. त्या हसल्या नाहीत. त्याचा तुकडा त्यांनी ओढून घेतला, सोडलेल्या डोळ्यांतून करंगळी आरपार घालून त्याला दाखवली आणि सगळा उसवून परत त्याच्या मांडीवर टाकला. दुसऱ्या दिवशी तो संध्याकाळी उशिरापर्यंत शिवत बसला. निघताना तो म्हणाला, "मावशी, नाव काय तुमच्या मुलाचं? भेटला तर सांगतो." त्यांनी नाव सांगितलं नाही. म्हणाल्या, "सगळ्यांनाच सांग. जोडाखाली गाडी थांबवू नका म्हणावं."

सुया आणि दोऱ्याची रिळं मिळून झालेले एकोणीस हजार चारशे रुपये मेजरसाहेबांच्या कार्यालयाने केतनभाईंना दिले. भाव खरेदीचाच लावला होता, वर एक पैसा नाही. शिकवणीचे वेगळे पैसे द्यायला ते लोक तयार होते, किती लावू म्हणून मी सुनंदाबाईंना विचारलं.

"शिकवणीचे नको," त्या म्हणाल्या. "शिकवणीचे घेतले की शिकवून झालं असं होतं. माझी हजेरी लावा. हजेरी उद्याही लागते."

दोन दिवसांची हजेरी, आठशेप्रमाणे सोळाशे रुपये, सुनंदा कांबळे यांना रोख दिले. त्यांनी मोजून घेतले, डब्यात मोबाइलखाली ठेवले आणि सुईत दोरा भरायला घेतला.